चेनसॉ घरात कशी आली? घरगुती आणि प्रोफेशनल मशीनमधल्या रेषेचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप इथे देतोय. बोलताना घाईत सुटलेले एक-दोन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.

आजचा विषय आहे चेनसॉ. झाड कापायचं मशीन. गावाकडे बरेच जण नुसतं ‘कटर’ म्हणतात. दुकानात गेलात, किंवा फोनवर शोधलंत, तर एक गोष्ट लगेच दिसते. दोन मशीन शेजारी शेजारी असतात. रंग सारखा, आकार सारखा, पुढच्या पट्टीची लांबीसुद्धा कधीकधी सारखीच. पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘हे घरगुती, ते प्रोफेशनल.’

मग साहजिकच प्रश्न पडतो की ही रेषा काढली कुणी? लाकडाला काय कळतं, आपल्याला कापणारा माणूस बंगलेवाला आहे की लाकूडतोड्या? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की जर्मनीतल्या जंगलापासून अरब देशांच्या तेलबंदीपर्यंत सगळं रस्त्यात लागतं. आणि शेवटी आपल्या कोकणातल्या वाड्यांपर्यंत यावं लागतं.

आधी त्या रीलचं बघू

तुमच्यातल्या निम्म्या जणांनी ती रील पाहिली असेल. ‘चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला!’ खाली तोंडावर हात ठेवलेले इमोजी. यात खरं किती?

अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी दात असलेली बारीक साखळी वापरात आणली. दोन्ही टोकांना मुठी, आणि ती हाताने पुढे-मागे ओढायची. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या पुढच्या सांध्याला छेद देण्यासाठी, तसंच रोगट हाड काढण्यासाठी तिचा उपयोग होता. भूल देण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं, त्यामुळे पेशंटचं काय होत असेल याची कल्पना करवत नाही. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यांनी हाड कापण्याचं एक हत्यार बनवलं. त्यात पट्टीच्या कडेने साखळी फिरायची आणि ती फिरवायला हँडल होतं. दिसायला ते आजच्या चेनसॉचं छोटं भावंडच वाटतं.

पण मोटर नव्हती, पेट्रोल नव्हतं, झाडाचा तर संबंधच नव्हता. म्हणजे रीलमधलं वाक्य पूर्ण खोटं नाही, पण ते ऐकून डोक्यात जे चित्र उभं राहतं ते खोटं आहे. झाड कापणाऱ्या मशीनची गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांनी सुरू होते.

दोन माणसं लागायची

१९२६ साली जर्मनीत स्टुटगार्टमध्ये आंद्रेयास श्टील या इंजिनिअरने विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. वजन साधारण ४८ किलो! पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगिया भागातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारी करवत चालवून दाखवली. तिचं वजन ५८ किलो. त्या डोंगराचंच नाव पुढे त्यांच्या कंपनीला मिळालं. १९२९ मध्ये श्टील यांचीही पेट्रोलवरची करवत आली, ती ४६ किलोची.

आता विचार करा. सिमेंटच्या एका गोणीचं वजन ५० किलो असतं. तेवढं ओझं, त्यात धडधडणारं इंजिन, आणि ते आडवं धरून झाड कापायचं. त्यामुळे एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. जुन्या लांब करवतीला दोन माणसं लागायची, तशीच हिलाही लागायची. फक्त घामाच्या जोडीला आता धूर आला.

या काळात ‘घरगुती चेनसॉ’ हा शब्द कुणी उच्चारला असता तर लोक हसले असते. आज आपण घरगुती रोड रोलर म्हटल्यावर हसू, तसंच. मशीन जन्मालाच आलं ते धंद्यासाठी. घेणारे कोण, तर लाकडाच्या वखारी आणि जंगलाचे मोठे ठेकेदार. म्हणजे ‘प्रोफेशनल’ हा नंतर काढलेला महागडा प्रकार नाही. मूळ मशीन तेच आहे. घरगुती प्रकार मागाहून आला.

वजन उतरलं कसं?

१९५० मध्ये श्टीलची एका माणसाने उचलायची पेट्रोल करवत आली, १६ किलोची. १९५९ मध्ये त्यांचंच ‘कॉन्ट्रा’ हे मॉडेल आलं. १२ किलो वजन, ६ अश्वशक्ती. म्हणजे तीस वर्षांत वजन जवळजवळ एक चतुर्थांश झालं. हे कसं घडलं, यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट कार्ब्युरेटरची. जुन्या बाईकच्या कार्ब्युरेटरमध्ये एक फ्लोट असतो. आपल्या पाण्याच्या टाकीतला बॉल कसा पाणी भरलं की वर येतो, तसा तो पेट्रोलवर तरंगतो. पण बाईक आडवी केली की त्याचं गणित बिघडतं. चेनसॉचंही तेच व्हायचं. इंजिन कायम सरळ धरावं लागायचं, आणि झाड पाडताना तर करवत आडवी धरायची असते! मग डायफ्राम कार्ब्युरेटर आला. त्यात तरंगणारा बॉल नाही, एक लवचिक पडदा असतो. इंजिन आडवं करा, उलटं करा, पेट्रोल येत राहतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हा बदल रुजला आणि करवत एका माणसाच्या हातात कशीही वळायला लागली.

दुसरी गोष्ट साखळीची, आणि ही माझी सगळ्यात लाडकी. जोसेफ बुफर्ड कॉक्स नावाचा एक माणूस अमेरिकेत ओरेगॉन राज्यात लाकूडतोडीचं काम करायचा. जुन्या साखळीचे दात करवतीसारखे साधे होते. सारखी कानस मारावी लागायची. १९४६ मध्ये त्याचं लक्ष एका लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीकडे गेलं. अळी लाकडात आडवीतिडवी, सरळ, उलटी, कशीही आरामात कापत जात होती. तिचे जबडे डावीकडे आणि उजवीकडे आलटून पालटून चालत होते. कॉक्सने तशीच साखळी बनवली. एक दात डावा, एक उजवा, आणि प्रत्येक दात लाकूड खरवडून काढणारा. १९४७ मध्ये त्याने पोर्टलंडला कंपनी काढली. आज जगातल्या बहुतेक चेनसॉवर जी साखळी आहे ती याच विचारातून आलेली आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मधले गिअर गेले. ‘कॉन्ट्रा’मध्ये इंजिन थेट साखळीला जोडलेलं होतं. भाग कमी, वजन कमी, वेग जास्त.

लंडन ब्रिज विकत घेणारा माणूस

आता गोष्ट अमेरिकेत जाते. लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट मॅकलक नावाचे एक उद्योजक होते. १९४९ मध्ये त्यांच्या कंपनीने २५ पौंडांची, म्हणजे सव्वाअकरा किलोंची चेनसॉ बाजारात आणली. ती तुफान चालली. या धंद्यात त्यांनी किती कमावलं? तर १९६८ मध्ये लंडन शहराने थेम्स नदीवरचा जुना लंडन ब्रिज विकायला काढला, तेव्हा तो मॅकलकनी २४ लाख ६० हजार डॉलरना विकत घेतला! दगड सुटे करून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेला आणि स्वतः वसवलेल्या लेक हवासू सिटीत पुन्हा उभा केला. आजही तो तिथे आहे.

मॅकलकच्या जोडीला होमलाइट ही कंपनी होती. तिची १९६३ ची ‘एक्सएल-१२’ ही करवत नावाप्रमाणे १२ पौंडांची, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. त्यात पट्टी आणि साखळी धरलेली नाही, हे खरं. पण तरीही एका हाताने उचलता येईल अशी पेट्रोल करवत लोकांनी पहिल्यांदा पाहिली.

इथे बारकाईने बघा. ही हलकी करवत आधी लाकूडतोड्यांनीच घेतली. दिवसभर हातात ओझं कोणाला हवंय? पण वजन कमी होत होत अशा जागी पोचलं की धंद्याबाहेरचा माणूसही म्हणायला लागला, ‘अरे, हे तर मलाही जमेल!’ युद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर घरं वाढली होती. घरामागे अंगण, अंगणात झाडं. शेकोटीला लाकूड हवं. कंपन्यांना नवं गिऱ्हाईक दिसायला लागलं. लाकूडतोडे मोजके, घरमालक कोट्यवधी.

आणि मग तेल महागलं

ऑक्टोबर १९७३. अरब देशांनी अमेरिकेवर तेलबंदी लादली. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. अमेरिकेच्या ईशान्य भागात बरीच घरं हिवाळ्यात तेल जाळून गरम ठेवली जायची. त्या लोकांनी काय केलं? लाकडाच्या शेगड्या घेतल्या. आणि शेगडी आली की लाकूड आलं, लाकूड आलं की ते कापणारं मशीन आलं. १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकलं आणि ही लाट आणखी वाढली.

याच दशकात छोट्या, स्वस्त, ‘मिनी’ चेनसॉचा पूर आला. मॅकलकचं ‘मिनी मॅक’ हे त्यातलंच. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शर्ट-पँटच्या दोन मजले वर चेनसॉ मिळायला लागली. घरगुती चेनसॉ नावाचा वेगळा प्रकार खऱ्या अर्थाने इथे जन्मला. स्वस्त करायची म्हणून महाग धातू कमी झाले, प्लॅस्टिक वाढलं, दुरुस्तीची सोय कमी झाली. विकतानाही कुणी चालवून दाखवत नव्हतं. खोका घ्या, घरी जा.

इथपर्यंत ही गोष्ट ‘तंत्रज्ञान सगळ्यांपर्यंत पोचलं’ अशी छान वाटते ना? आता दुसरी बाजू बघू.

दोन जखमा

चेनसॉ माणसाला दोन प्रकारे इजा करते. एक हळूहळू आणि एक क्षणात.

हळू होणारी इजा कंपनामुळे होते. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यात चुनखडीचा दगड कापणारे कामगार तपासले. हवेच्या दाबावरचे हातोडे दिवसभर धरून त्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडत, बधिर होत. १९५०-६० च्या दशकांत एकट्याने चालवायची चेनसॉ जंगलात पसरली आणि तोच आजार लाकूडतोड्यांच्या हातात दिसायला लागला. ब्रिटन, स्वीडन, जपान, सगळीकडे. शर्टाचं बटण लावता येत नाही, नाणं बोटात धरता येत नाही. एकदा वाढला की हा आजार पूर्ण बरा होईलच असं नाही. जपानमध्ये सरकारी जंगलांतल्या कामगारांनी हा प्रश्न लावून धरला. तो कामामुळे होणारा आजार म्हणून मान्य झाला आणि चेनसॉ धरण्यावर दिवसाला दोन तासांची मर्यादा आली.

कंपन्यांनी काय केलं? १९६० च्या दशकाच्या मध्यावर श्टीलने मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये रबर घालून कंपन अडवणारी रचना आणली. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीनेही १९६९ च्या ‘१८०’ या मॉडेलमध्ये तशी सोय दिली. ही कंपनी मुळात १६८९ मध्ये बंदुका बनवायला सुरू झाली होती, बरं का! तिची पहिली चेनसॉ १९५९ ची.

ही सुधारणा आधी प्रोफेशनल मशीनमध्ये आली. त्याचं कारण सरळ आहे. लाकूडतोड्यांकडे संघटना होत्या, सरकारी जंगल खाती होती, आजाराची नोंद ठेवणारे डॉक्टर होते. त्यांचं दुखणं कुणाच्या तरी वहीत चढत होतं.

आता क्षणात होणारी इजा. तिला किकबॅक म्हणतात. चेनसॉच्या पट्टीचं पुढचं गोल टोक असतं. त्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की साखळीचा दात रुततो, अडतो, आणि सगळी ताकद उलटी फिरते. पट्टी वर आणि मागे उसळते. कुठे? चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे, खांद्याकडे. साखळीचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर असतो, म्हणजे तासाला ७० किलोमीटरच्या वर. आपण ‘अरे’ म्हणायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं.

शिकलेला लाकूडतोड्या टोक कुठे आहे यावर सतत नजर ठेवतो. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घट्ट गुंडाळतो. खांद्याच्या वर मशीन नेत नाही. पण रविवारी सकाळी खोका उघडलेल्या घरमालकाला हे कुणी शिकवलं होतं? त्याचं मशीन स्वस्त होतं, हलकं होतं, छोटं होतं. पण साखळी तीच, दात तेच.

आजचा सगळा भाग या एका वाक्यासाठी आहे असं समजा: मशीनचे दोन प्रकार झाले, पण साखळीचे दोन प्रकार झाले नाहीत. ‘घरगुती’ या शब्दाने किंमत कमी झाली, आयुष्य कमी झालं, ताकद कमी झाली. धोका मात्र त्या प्रमाणात कमी झाला नाही. उलट तो सगळ्यात कमी शिकलेल्या हातात गेला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साखळीचा ब्रेक आला. श्टीलने १९७२ मध्ये, हुस्क्वार्नाने १९७३ मध्ये. वरच्या मुठीच्या पुढे जी उभी ढाल दिसते ना, तोच तो. मशीन उसळलं की ढाल पुढे ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. पण स्वस्त मिनी मशीनमध्ये तो लगेच आला नाही, कारण प्रत्येक भागाचा खर्च असतो. दवाखान्यात येणाऱ्या जखमींची संख्या वाढत गेली, तसं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने किकबॅककडे लक्ष वळवलं. बरीच ओढाताण झाली. शेवटी सक्तीच्या सरकारी नियमाऐवजी उद्योगाने स्वतः पाळायचं मानक १९८५ मध्ये आलं. त्यानंतर ब्रेक, लहान टोकाची पट्टी आणि कमी उसळणारी साखळी या गोष्टी छोट्या मशीनवरही रुळल्या.

म्हणजे लक्षात आलं का? लाकूडतोड्याचा आजार वहीत चढला म्हणून प्रोफेशनल मशीन सुधारलं. घरमालक एकेकटा जखमी होत होता. दवाखान्यांतल्या त्या नोंदी एकत्र जुळवून बघितल्यावर कुठे घरगुती मशीन सुधारलं.

फरक नेमका कशात आहे?

आता मशीन उघडून बघू. इतिहासाचे सगळे डाग आत दिसतात.

प्रोफेशनल चेनसॉमध्ये इंजिनची खालची पेटी मॅग्नेशियमची असते. दोन उभे अर्धे जोडलेले, आणि त्यावर सिलिंडर वेगळा बसवलेला. पिस्टन, सिलिंडर गेला तर तेवढा बदलता येतो. घरगुती मशीनमध्ये बहुतेकदा सिलिंडर आणि पेटीचा अर्धा भाग एकाच ओतीव तुकड्यात असतो. खालून झाकण लावलं की शिंपल्यासारखं बंद. ते सगळं प्लॅस्टिकच्या अंगात बसवलेलं. बनवायला स्वस्त. पण मोठं काम निघालं तर दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो.

ताकदीचं बघा. श्टीलचं ‘एमएस १७०’ हे घरगुती मॉडेल ३० सीसीचं, वजन ४ किलोच्या आसपास, ताकद सव्वा किलोवॅटच्या आसपास. त्यांचंच ‘एमएस २६१’ हे प्रोफेशनल मॉडेल ५० सीसीचं, वजन ५ किलोच्या आसपास, ताकद ३ किलोवॅट. एक किलो जास्त, आणि ताकद अडीच पट. जादा पैसे जातात ते इथे.

आणि सगळ्यात स्पष्ट फरक एका स्टिकरवर छापलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हातात धरायच्या छोट्या इंजिनांसाठी धुराचे नियम केले. त्यात कंपनीने सांगायचं असतं की हे इंजिन किती तास चालेपर्यंत धुराची मर्यादा पाळेल. तीनच पर्याय: ५० तास, १२५ तास, ३०० तास. मशीन ५१ व्या तासाला बंद पडतं असा याचा अर्थ नाही. पण कंपनीने स्वतःच्या मशीनकडून किती कामाची अपेक्षा धरली आहे, याचा हा जाहीर कबुलीजबाब आहे.

हिशोब करा. महिन्याला एक तास फांद्या कापणाऱ्याला ५० तास चार वर्षं पुरतात. रोज चार तास साखळी फिरवणाऱ्याचे ५० तास तेरा दिवसांत संपतात. म्हणजे ‘घरगुती की प्रोफेशनल’ हा प्रश्न खरं तर ‘वर्षाला किती तास’ असा विचारायला हवा.

कायद्यानेही एक रेषा ओढली आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला की छोट्या इंजिनांची नवी यंत्रं धूर न सोडणारी, म्हणजे बॅटरीवरची असावीत. पण ४५ सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ राज्याला रोखता येत नाहीत. केंद्रीय कायद्याने त्या शेती आणि बांधकामाच्या यंत्रांत धरल्या आहेत. त्याखालचं ते घरचं, त्यावरचं ते धंद्याचं. जंगलात धूसर असलेली रेषा कागदावर एका आकड्यात आली.

लोगो बघून फसू नका

मग चांगल्या कंपनीचं घेतलं की झालं, असं वाटेल. पण तिथेही इतिहास आडवा येतो. १९७८ मध्ये फ्रिज-वॉशिंग मशीनवाल्या इलेक्ट्रोलक्सने हुस्क्वार्ना विकत घेतली. १९८६ मध्ये अमेरिकेतली पूलान ही घरगुती करवतींची कंपनी घेतली. पुढे मॅकलकचं नावही याच घराण्यात आलं. २००६ मध्ये हुस्क्वार्ना पुन्हा वेगळी झाली, पण तोवर धंद्याची आणि घरची मशीन एकाच छपराखाली आली होती. एकाच लोगोखाली दोन्ही प्रकार विकले जायला लागले. श्टीलने अमेरिकेत वेगळा रस्ता धरला. मोठ्या साखळी दुकानांत माल द्यायचा नाही, दुरुस्ती करणाऱ्या डीलरकडेच विकायचा. त्याची त्यांनी जाहिरातही केली. पण घरगुती मॉडेल त्यांच्याकडेही आहेतच.

म्हणून लोगो बघून दर्जा कळत नाही. मॉडेल बघावं लागतं.

आता आपल्याकडे

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करायला एनडीआरएफची पथकं चेनसॉ घेऊन उतरली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. पिढ्यान् पिढ्या कोयता-कुऱ्हाडीवर भागलेल्या वाडीत पडलेलं प्रत्येक झाड हाताने तोडणं अशक्य होतं. मशीन ही गरज झाली.

श्टीलची भारतातली कंपनी आपल्या पुण्याजवळच, चाकणला आहे. पण आपल्याकडचा वापर मात्र अमेरिकेसारखा नाही. तिकडे घरमालक स्वतः मशीन चालवतो. आपल्याकडे वाडीचा मालक मशीनवाल्याला बोलावतो. तो मशीनवाला आज या वाडीत, उद्या त्या वाडीत. काम पूर्णवेळ, म्हणजे तो प्रोफेशनलच. पण हातातलं मशीन? परवडतं म्हणून अनेकदा घरगुती, किंवा नावगाव नसलेलं स्वस्त.

इथे दोन्ही जखमा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. घरगुती मशीन दिवसभर चालवलं की कंपन दिवसभर हातात. आणि किकबॅकचं शिक्षण नाही. वादळाने पाडलेलं झाड तर सगळ्यात धोक्याचं. ते कुठेतरी वाकून, दाबून, ताणून पडलेलं असतं. चुकीच्या बाजूने कापलं की दाबलेलं खोड धनुष्यासारखं सुटतं. जपानच्या लाकूडतोड्याची बोटं सरकारी वहीत चढली. या माणसाची कुठल्या वहीत चढणार?

मग घ्यायचं काय?

भाग संपवण्याआधी कामाचं बोलू.

वर्षाला दहा-वीस तास काम असेल, फांद्या आणि बारीक खोडं असतील, तर घरगुती मशीन पुरेसं आहे. उगाच मोठं घेऊ नका. जास्त ताकद न शिकलेल्या हातात जास्त धोकाच देते. आणि हे लक्षात ठेवा की घरगुती मशीन बहुतेकदा वापरून मरत नाही, पडून मरतं. टाकीत जुनं पेट्रोल राहतं, कार्ब्युरेटर चोंदतो. ठेवून देताना टाकी रिकामी करा. काम याहूनही कमी असेल तर बॅटरीवालं बघा.

रोजचं काम असेल, त्यावर घर चालत असेल, तर प्रोफेशनल मशीन महाग नाही. तासाला भागून बघा. सुटे भाग मिळतात, दुरुस्त होतं. आणि मुख्य म्हणजे हात वाचवण्यासाठीच ते साठ वर्षं सुधारत आलेलं आहे.

दोन्हींत एक गोष्ट सारखी बघा. ब्रेकची ढाल आहे का, आणि ती पुढे ढकलल्यावर साखळी खरंच थांबते का. कंपन अडवणारी रचना आहे का. ज्यात या दोन गोष्टी नाहीत ते मशीन फुकट मिळालं तरी नको. हेल्मेट-जाळी, कानाला मफ, पायाला चेनसॉसाठीची खास पँट, बूट, यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. आणि झाड तोडायच्या आधी परवानगी लागते का ते ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा वन खात्यात विचारा. आपल्याकडे यासाठी १९६४ पासून कायदा आहे आणि शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे.

तुम्ही स्वतः मशीन घेणार नसाल, वाडीत कुणाला बोलावणार असाल, तरी हे तुमच्याही कामाचं आहे. मजुरी ठरवताना ‘किती झाडं’ एवढंच विचारू नका. ‘ब्रेक चालतो ना दादा? जाळी आणली आहे ना?’ हेही विचारा. त्याने थोडे जास्त पैसे सांगितले तर ते कशाचे आहेत ते आता तुम्हाला माहीत आहे.

हा भाग तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. मशीन चालवणारा एखादा दादा त्या ग्रुपमध्ये असतोच. त्याच्यापर्यंत पोचू द्या. भेटू पुढच्या भागात!